पाण्यातले कापड आपल्या दुकानात का नाही?

व्यापारी बंधूंनो, दुकान बंद ठेवून सहलीला जाणे ही आपल्याकडे अजूनही उधळपट्टी मानली जाते. आम्हीही वर्षानुवर्षे तेच म्हणत आलो. चाकूरसारख्या गावात चार दिवस शटर खाली राहिले की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, ही भीती खोटी नाही. तरीही मागील हिवाळ्यात मुलांच्या हट्टापुढे हात टेकले आणि सर्व कुटुंब घेऊन गोव्याला गेलो. तेथे जे पाहिले, त्याचा आपल्या कापड धंद्याशी थेट संबंध आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

पेडणे तालुक्यातील हरमलचा समुद्रकिनारा देशोदेशीच्या पर्यटकांना माहीत आहे. या किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडून खडकांच्या कडेने, लहान-लहान दुकानांच्या रांगेतून एक पायवाट जाते आणि पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर उतरते. तेथे एका बाजूला खारा समुद्र आणि वाळूच्या पट्ट्यामागे, थोड्याच पावलांवर, गोड्या पाण्याचा तलाव आहे. मागील झाडीतल्या झऱ्यांचे पाणी त्यात येते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यातील माणसाला हे पाहून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

पुरुष आणि मुले पाण्यात उतरली. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो होतो, ते इतक्या वर्षांनी कामी आले. घरच्या स्त्रिया मात्र चपला आणि पिशव्या सांभाळत काठावर बसल्या. धाकटी सून तेवढी सुती सलवार-कमीज आणि ओढणीसह कमरेइतक्या पाण्यात गेली. सलवार पायात गुंडाळली, ओढणी हातात अडकली आणि तिचा तोल गेला. मुलाने वेळीच हात धरला, अल्लाहचे आभार. बाहेर आली तर ओले कापड अंगाला चिकटलेले. बिचारी निघेपर्यंत चादर पांघरून बसली. ज्या परद्यासाठी ते कपडे घातले तो परदाही राहिला नाही आणि जीवही धोक्यात आला. आणि ते कापड आमच्याच दुकानातले होते!

नातीने विचारले, "दादाजी, तुमच्या दुकानात पाण्यातले कपडे का नाहीत?" तीस वर्षांहून अधिक काळ कापड विकणाऱ्या माणसाकडे याचे उत्तर नव्हते.

वास्तविक हे ज्ञान आपल्या धंद्याचेच आहे. सुती कापड हवेतूनसुद्धा सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरते, नायलॉन साधारण चार टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणूनच अनेक वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांना मनाई असते. पोहण्याच्या कपड्यासाठी बहुधा ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के लायक्रा असे ताणले जाणारे निट कापड वापरतात. ते पाणी धरून ठेवत नाही आणि लवकर वाळते. गडद रंगाचे आणि जाड असेल तर आरपारही दिसत नाही.

याच गरजेतून ऑस्ट्रेलियातील अहेदा झानेट्टी या लेबनानी वंशाच्या महिलेने २००४ मध्ये डोक्यापासून पायापर्यंतचा पोहण्याचा पोशाख तयार केला. तो 'बुर्किनी' या नावाने जगभर गेला. २०१६ मध्ये फ्रान्समधील काही किनाऱ्यांवर त्याला बंदी घातली गेली, तेव्हा तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका गावाची बंदी स्थगित केली. वाद काहीही असो, एका महिलेने गिऱ्हाइकाची अडचण ओळखली आणि व्यवसाय उभा केला, हा धडा आपण घ्यायला हवा.

आमचे म्हणणे एवढेच की, हा माल आपणही ठेवावा. सिंथेटिक कापडासाठी सुरत आपल्याला नवीन नाही. आपल्या कारागिरांनाही हे काम अवघड नाही. मात्र साधी शिलाई येथे चालत नाही. कापडाबरोबर ताणली जाणारी ओव्हरलॉक शिलाई, बॉल पॉइंट सुई आणि पॉलिएस्टरचा धागा लागतो. सुती धागा ताणात तुटतो. एकदम गठ्ठा उचलू नये. दोन-तीन मापांचे नमुने शिवून दुकानात लावावेत आणि दिवाळीच्या व उन्हाळी सुट्टीआधी ऑर्डर घ्याव्यात. दाखवणारी आणि माप घेणारी स्त्री असेल तर माल अधिक खपेल, हे उघड आहे.

काही बुजुर्ग म्हणतील, बायकांनी पाण्यात उतरण्याची गरजच काय? त्यांना आम्ही अदबीने विचारतो, सहलीला तर सर्वच घरची मंडळी जाऊ लागली आहेत. मग त्यांनी काठावर कुढावे किंवा चुकीच्या कपड्यात बुडावे, यात कोणते भले आहे? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, त्यात मुली अधिक होत्या. कपडा कितीही चांगला असला तरी तो पोहणे शिकवत नाही. लाटा नाहीत म्हणून तलाव निर्धोक आहे असेही समजू नये. मुलामुलींना पोहणे शिकवणे हे पहिले काम, योग्य कपडा हे दुसरे.

पहिले काम आई-बापांचे आहे. दुसरे मात्र आपले, म्हणजे कापड विकणाऱ्यांचे आणि शिवणाऱ्यांचे आहे. येत्या सुट्टीपूर्वी आमच्या दुकानात निदान दहा नमुने लागलेले असतील, इन्शाअल्लाह. पहिला नमुना सुनेच्या मापाचा शिवायला दिला आहे.