चौथ्या पिढीचे नाव

पितृपक्षात तर्पणाला बसणारा गृहस्थ पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा नाव-गोत्रासह उच्चार करतो. मातृकुलातील पूर्वजांनाही त्या जलांजलीत वाटा असतो. वर्षातून एकदा का होईना, कुटुंबाच्या इतिहासाची उजळणी व्हावी अशी ही योजना आपल्या पूर्वजांनी केली. तिला ना शुल्क होते, ना परीक्षा. परंतु आज सुशिक्षित म्हणविणाऱ्या किती घरांत चौथ्या पिढीचे नाव सांगता येते? पणजोबांच्या वडिलांचे नाव काय, त्यांचे मूळ गाव कोणते, पणजीचे माहेर कुठले, हे प्रश्न विचारले की बहुतेक घरांत शांतता पसरते. ज्या समाजाला आपल्या पाच हजार वर्षांच्या वारशाचा सार्थ अभिमान आहे, त्याच समाजातील कुटुंबाला आपला दीडशे वर्षांचा इतिहास ठाऊक नसावा, ही विसंगती गंभीर आहे.

या विसंगतीचा विचार करण्यास अमरावती जिल्ह्यातील भातकुलीसारखे दुसरे गाव नाही. श्रीकृष्णाच्या हातून पराभूत झाल्यावर रुक्मिणीचा भाऊ रुक्मी कौंडिण्यपुरास परतला नाही, त्याने भोजकट नगर वसविले, ही कथा प्रसिद्ध आहे. ते भोजकट म्हणजेच आजची भातकुली, असे परंपरा सांगते. भगवान आदिनाथांचे अतिशय क्षेत्र म्हणून जैन बांधवही या गावाला वंदन करतात. भोजकट हे नाव केवळ कथेत राहिलेले नाही. अचलपूरजवळच्या चमक येथे सापडलेल्या वाकाटक नृपती दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील हा लेख. मधुनदीच्या काठचे चर्माङ्क गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात सांगितले असून त्यांपैकी एकोणपन्नास जणांची नावे गोत्रांसह कोरली आहेत. राज्याशी द्रोह करणार नाहीत, चोरी करणार नाहीत, तोवरच हे दान चालेल, अशा अटीही त्यात आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी याच भूमीत माणसांची नोंद गोत्रासह तांब्याच्या पत्र्यावर होत होती आणि आज त्याच भूमीतील कुटुंबे आपले जुने कागद रद्दीत घालत आहेत!

कुलस्मृती जपणे ही कोणा एका जातीची मिरास नव्हती, हेही येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यांनी आपल्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहून ठेवल्या. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार फिरून घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवीत. गोंड बांधवांच्या कुळांची गाथा परधान आपल्या बाण्यावर गात आले. मेळघाटातील कोरकू समाज दिवंगतांच्या स्मरणार्थ सागाच्या लाकडाचे कोरीव मुंडे उभारतो. त्यावर सूर्य-चंद्र असतात, घोडेस्वार असतो. अक्षर नसले तरी तो इतिहासच आहे. कोणी गाऊन, कोणी कोरून, कोणी लिहून, पण आपल्या पूर्वजांची आठवण या समाजातील प्रत्येक घटकाने ठेवली होती.

वऱ्हाडच्या कुटुंबांना तर कागदाची साथ अधिकच लाभली आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६० नंतर येथे रयतवारी पद्धतीची मोजणी सुरू झाली आणि शेताशेताला, खातेदाराखातेदाराला कागदावर जागा मिळाली. १८६७ साली वऱ्हाडात शिरगणती झाली. १८७० साली आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर निघाले, तर १९२४ साली यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ मराठीत सिद्ध केला. याखेरीज गावपातळीवर कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, पेरेपत्रक, हक्कनोंदणी, १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी हे सारे आहे. शिकलेल्या आणि न शिकलेल्या, जमीनदार आणि भूमिहीन अशा प्रत्येक घराचा यांपैकी कुठल्या तरी वहीत पत्ता लागतो.

यातील कोतवाल बुकाकडे विशेष आदराने पाहिले पाहिजे. वतनाच्या कागदांत देशमुख, देशपांडे, पाटील यांची घराणी सापडतात, परंतु शेतमजुराला, बलुतेदाराला तेथे क्वचितच जागा मिळते. जन्ममृत्यूच्या वहीत मात्र सर्वांना जागा आहे. गावात कोण जन्मले, कोण गेले, याची वर्दी देण्याचे काम कोतवालाचे असे, आणि हा कोतवाल बहुधा त्याच समाजातील असे, ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले होते. ज्याला गावाने आपले मानले नाही, त्याच्या पायपिटीमुळे गावातील प्रत्येक घराची नोंद राहिली. आज त्याच नोंदीची नक्कल मिळविण्यासाठी सर्व जातींची मंडळी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षापुढे उभी असतात. समरसतेचा याहून बोलका धडा कोणत्या पुस्तकात सापडणार?

या नोंदींचे व्यावहारिक मोल गेल्या काही वर्षांत सर्वांनाच कळून चुकले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी समिती नेमली आणि राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्या. आरक्षणाच्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु या शोधातून एक सत्य पुढे आले. कागद होते, पण ते वाचणारे नव्हते. मोडीचे जाणकार शोधण्यासाठी शासनाला धावाधाव करावी लागली. सहाशे-सातशे वर्षे मराठी माणसाने ज्या लिपीत आपला व्यवहार केला, ती लिपी गेल्या शतकाच्या मध्यावर शाळेतून गेली आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांच्या अक्षराला पारखे झालो.

आनंदाची गोष्ट ही की, हे अंतर भरून काढण्याची साधने आज बव्हंशी विनामूल्य उपलब्ध आहेत. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयामार्फत मोडीचे प्रशिक्षण वर्ग व परीक्षा घेतल्या जातात. पुण्याच्या ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९१० साली केली, त्याने मोडीच्या अध्यापनाची परंपरा चालविली आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. २०२५ साली रुडकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकीय प्रणाली जाहीर केली. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ घरबसल्या पाहता येते. महाराष्ट्राची जिल्हा गॅझेटियरे आणि मराठी विश्वकोश संगणकावर खुले आहेत. अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत आणि जुनी मराठी पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर वाचावयास मिळतात. ‘महाभूलेख’वर माहितीपुरता सातबारा विनामूल्य दिसतो. ‘आपले अभिलेख’ या शासकीय योजनेत जुने फेरफार व इतर कागद संगणकावर आणण्याचे काम ज्या जिल्ह्यांत प्रथम झाले, त्यांत अमरावती व अकोला हे दोन्ही जिल्हे होते. प्रमाणित नक्कल हवी असेल तर अल्प शुल्क भरावे लागते, एवढेच. यवतमाळचा शारदाश्रम, नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ यांसारख्या संस्थांनी जमविलेले धनही आपल्याच प्रदेशात आहे.

फुकटाच्या या यादीत एक नाव असे आहे की, त्याविषयी वाचकांनी डोळसपणे विचार केला पाहिजे. अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १८९४ साली वंशावळ संशोधनाची संस्था स्थापन केली. ‘फॅमिलीसर्च’ या नावाने ती आज जगभरातील नोंदी विनामूल्य दाखविते. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा येथील पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रे या संस्थेने काढली असून ती तिच्या संग्रहात आहेत. या उद्योगामागे त्या पंथाची एक धारणा आहे. दिवंगत पूर्वजांच्या नावाने जिवंत अनुयायाने बाप्तिस्मा घ्यावा, अशी ती धारणा. नाझी छळात मृत्यू पावलेल्या ज्यूंची नावे या विधीसाठी वापरली गेली तेव्हा ज्यू संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला आणि १९९५ साली त्या चर्चला हे थांबविण्याचा करार करावा लागला. म्हणून ती साधने वापरूच नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. ज्ञान कोठूनही घ्यावे, मात्र ते देणाऱ्याचा हेतू जाणून घ्यावा. जिवंत नातेवाइकांची नावे, जन्मतारखा अशा कोणत्याही खुल्या संग्रहात टाकू नयेत, हे तारतम्य तर कोणीही पाळावे. पण दोष त्यांना देण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. सातासमुद्रापलीकडून येऊन परके लोक आमच्या तीर्थांवरील वह्यांची चित्रे घेत होते, तेव्हा त्या वह्यांचे मोल जाणणारे आमच्यातले किती जण तेथे होते? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या घरी अशाच वह्या आहेत. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी लक्षावधी कुटुंबे तेथे जातील. स्नानाबरोबर आपल्या घराण्याची वही पाहण्याचा आणि तीत आपल्या पिढीची भर घालण्याचा संकल्प त्यांनी केला तर ती यात्रा अधिक फलद्रूप होईल.

नोंद हरवली की काय हरवते, हे मॉरिशसच्या मराठी बांधवांना विचारावे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या नोंदवह्या तेथील महात्मा गांधी संस्थेने जतन केल्या आहेत. मजुराचे नाव, बापाचे नाव, गाव, जहाज असे त्रोटक तपशील त्यांत असतात. त्या चार शब्दांच्या आधारे तेथील नातवंडे रत्नागिरी-साताऱ्याकडील आपले मूळ गाव शोधत येतात. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही भारताचे विदेशस्थ नागरिकत्व देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा पूर्वजाची नोंद ही मातृभूमीशी जोडणारी नाळ ठरली. आपल्याकडे स्थलांतर इतके दूरचे नसले तरी परिणाम तोच आहे. भातकुली-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातील तरुण अमरावती, पुणे गाठतो. निम्न पेढी प्रकल्पामुळे काही गावांचे पुनर्वसन झाले. गाव हलते तेव्हा घराबरोबर दिवाणखान्यातील ट्रंकही हलते आणि बहुतेक वेळा तिच्यातील कागद वाटेतच गळून पडतात.

हे काम सुरू कसे करावे? त्याची रीत सोपी आहे. प्रथम घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीपाशी, विशेषतः आजीपाशी बसावे. नावे, गावे, माहेरे, कुलदैवत, लग्नाचे साल, दुष्काळाच्या व साथीच्या आठवणी लिहून घ्याव्यात. अंबादेवीला नवस कोणी फेडला, माहूरच्या रेणुकेला कोणत्या वाटेने जात, यांतून मूळ गावाचा धागा मिळतो. ऐकलेले आणि कागदावर पाहिलेले यांची सरमिसळ करू नये. एका गोष्टीला दोन पुरावे मिळाल्याशिवाय ती पक्की मानू नये. नंतर शाळेचे रजिस्टर, कोतवाल बुक, फेरफार या क्रमाने मागे जावे. जुन्या कागदावर स्वतःच्या हाताने काहीही लिहू नये. त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मूळ कोरड्या जागी ठेवावे.

वंशावळीत मुलींना स्थान द्यावे, हाही आमचा आग्रह आहे. जुन्या वंशवृक्षांत कन्या आणि सुना दिसत नाहीत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात कन्येला पुत्राइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्राने केला. कायदा पुढे गेला असताना आपल्या वंशवृक्षाने मागे राहणे शोभत नाही. ज्या संस्कृतीने गार्गीचे नाव अडीच हजारांहून अधिक वर्षे स्मरणात ठेवले, तिने पणजीचे नाव विसरावे काय?

त्याचबरोबर एक धोकाही ओळखला पाहिजे. वंशावळीचा शोध पुष्कळदा थोर घराण्याशी नाते जोडण्याच्या मोहाने सुरू होतो. कधी तो दाखल्यातील खाडाखोडीपर्यंत जातो. असे करणारा पूर्वजांचा सन्मान करीत नाही, त्यांना नाकारतो. नांगर धरणारा, कातडे कमावणारा, हमाली करणारा पूर्वजही तितकाच वंदनीय आहे, कारण त्याने दुष्काळ आणि पटकीच्या साथींतून हे कुळ जगविले. सत्य शोधण्याची तयारी असेल तरच या वाटेने जावे. प्रामाणिकपणे मागे जाणाऱ्याला पाचव्या-सहाव्या पिढीत आपले आणि शेजाऱ्याचे दुःख, दैवत आणि पाणवठा किती जवळचे होते, हेच आढळेल. जातीचा अहंकार वितळण्यास याहून चांगले औषध नाही.

संघकार्याच्या शताब्दीनिमित्त कुटुंब प्रबोधनाचा विषय स्वयंसेवकांनी घरोघर नेला आहे. त्याला या कामाची जोड सहज देता येईल. भातकुली तालुक्यातील आणि वऱ्हाडातील प्रत्येक मोठ्या गावी वाचनालयात महिन्यातून एक रविवार यासाठी राखावा. मोडी जाणणाऱ्या निवृत्त शिक्षकाने अक्षरे शिकवावीत, महाविद्यालयीन तरुणाने संगणकावरील अभिलेख कसे पाहावेत ते दाखवावे. वस्तीवस्तीतील, सर्व जातींतील कुटुंबांना त्यात बोलवावे. यासाठी ना निधी लागतो, ना इमारत. येत्या पितृपक्षापर्यंत प्रत्येक वाचकाने आपल्या घरच्या किमान पाच पिढ्या, लेकी-सुनांसह, एका वहीत लिहून काढाव्यात. ती वही नातवाच्या हाती देताना त्याला सांगता आले पाहिजे की, बाळा, चौथे नाव हे, पाचवे हे, आणि यापुढचे तू शोध.