घर आपले, पण कागद कोणाचा?

लातूर-बार्शी रस्त्यावरील ढोकी हे गाव तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे साऱ्या मराठवाड्यास ठाऊक आहे. अशा गावांत वस्ती वाढते, जुने गावठाण अपुरे पडते, आणि मग लगतच्या शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पडून त्यांवर घरे उभी राहतात. ज्यांच्या वाडवडिलांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले, त्यांनी मजुरीतून पैसा साठवून असा एक गुंठा घ्यावा व त्यावर दोन खोल्या बांधाव्यात, यात गैर ते काय? जागा विकत घेतलेली, पैसा घामाचा. तरीही कायद्याच्या दृष्टीने ते घर अनधिकृत ठरू शकते. आणि ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांना कळते ती दारावर नोटीस चिकटल्यावर!

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे ठरावीक क्षेत्राहून लहान शेतजमिनीचा व्यवहार करता येत नाही. 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीस 20 गुंठे व बागायतीस 10 गुंठे अशी आहे. म्हणून विकणारा खरेदीखत करून देत नाही, मुद्रांकाच्या कागदावर चार ओळी लिहून देतो. परंतु शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जागेची विक्री नोंदणीवाचून पुरी होत नाही. पुढे शेतजमिनीचा अकृषिक वापर महसूल कायद्याप्रमाणे नियमित करून घ्यावा लागतो, आणि बांधकामास 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याची बंधने लागू असतात. यांपैकी काहीच न करता आपण घरपट्टी भरतो आणि नमुना 8 चा उतारा पेटीत जपून ठेवतो. नमुना 8 ही कर-आकारणीची नोंद होय. तो मालकीचा दाखलाही नव्हे आणि बांधकामाची परवानगीही नव्हे.

अशी घरे नियमित करण्याचा प्रश्न सरकारपुढे वारंवार आला आहे. 2001 साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यात आली. पण तो मुख्यतः शहरांसाठी आहे. खेड्यातील माणसाने त्यावर विसंबून राहू नये. तुकडेबंदीचा भंग झालेले व्यवहार नियमित करण्यासाठी 2017 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्के रकमेची अट होती. ती पुढे 5 टक्क्यांवर आली, आणि 2025 मध्ये काही क्षेत्रांपुरती माफही झाली. हे योग्यच झाले. राहत्या दोन खोल्या आणि भाड्याने दिलेली तीन मजली इमारत यांना एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे.

परंतु सवलत येईल म्हणून स्वस्थ बसणे घातक आहे. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कितीही वर्षे लोटली वा कितीही पैसा ओतला, तरी तेवढ्याने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही. त्याच न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी असेही ठरविले आहे की, लेखी नोटीस, 15 दिवसांची मुदत व म्हणणे मांडण्याची संधी यांवाचून कोणाचे घर पाडता येणार नाही. पहिला निकाल आपल्याला सावध करणारा आहे, दुसरा आपल्याला धीर देणारा आहे. दोन्ही ध्यानात ठेवावेत.

आणखी एक गोष्ट कोणताही शिक्का देऊ शकत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली व माळवदांखाली गाडली गेली. ती पहाट या जिल्ह्याने विसरता कामा नये. शुल्क भरल्याने कागद पक्का होतो, भिंत पक्की होत नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, गरिबाचे घर नियमित करा, पण त्यातला धोका नियमित करू नका. शुल्क घेणाऱ्या सरकारने अभियंत्याकडून घराची तपासणीही करून द्यावी.

वाचकहो, या कामास आजच लागा. सातबारा कोणाच्या नावे आहे ते पाहा. मोजणी करून घ्या. विकणारा हयात आहे तोवर खरेदीखताची नोंदणी कशी होईल ते तहसील कचेरीत विचारा. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. घर पती व पत्नी दोघांच्याही नावे करा. नोटीस आली तर ती फाडू नका, मुदतीत उत्तर द्या. एकट्याला जमत नसेल तर दहा घरांनी मिळून जा.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी सनदशीर मार्गाचा आग्रह धरला. तो मार्ग मोठ्या लढ्यांपुरताच नाही. आपल्या घराच्या उंबरठ्यापासून तो सुरू होतो. पूर्वी आपल्याला जागा नाकारली गेली, तेव्हा दोष समाजाचा होता. आज जागा आपली असून कागद दुसऱ्याच्या पेटीत राहिला, तर त्या दोषाचा वाटा आपल्याकडेही येईल.