अडलेल्या आसनापाशी

एकवीस जूनची गर्दी ओसरली की वर्गात खरे काम सुरू होते. योगदिनाला चटई घेऊन आलेल्यांपैकी जे जुलैच्या पावसातही पहाटे दार ठोठावतात, ते शिकायला आलेले असतात. आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘हे आसन मला कधी जमेल?’

हा अंक गुरुपौर्णिमेच्या महिन्यात तुमच्या हाती पडतो आहे. अष्टांग विन्यास पद्धतीत पौर्णिमा आणि अमावास्या हे विश्रांतीचे दिवस, म्हणजे गुरुपौर्णिमेलाही सरावाला सुट्टी. या पद्धतीचे प्रवर्तक के. पट्टाभी जोइस यांचा जन्मही १९१५ च्या गुरुपौर्णिमेचा. गुरूच्या दिवशीच साधकाला थांबवणाऱ्या या परंपरेत थांबण्याला मोठे मोल आहे. ते मोल आपल्या वर्गांतून हळूहळू नाहीसे होते आहे, म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहीत आहे.

जोइस गुरुजींनी १९४८ मध्ये म्हैसूरच्या लक्ष्मीपुरम भागातील घरी संस्था सुरू केली. तिथे जी शिकवण्याची रीत रुळली, तिला आज जगभर ‘म्हैसूर पद्धत’ म्हणतात. दालन एकच, पण प्रत्येकाचा सराव आपापल्या श्वासावर चाललेला. नवा माणूस पहिल्या दिवशी सूर्यनमस्कारांपुरताच असतो: ‘ए’चे नऊ विन्यास, ‘बी’चे सतरा. ते अंगवळणी पडले की उभ्याची आसने, मग बैठी, एकेक करून. पुढचे आसन साधकाने घ्यायचे नसते, शिक्षकाने द्यायचे असते. जिथे शरीर अडते तिथे शिक्षक थांबवतात. तिथून मागे वळून पाठीच्या कमानी, सर्वांगासन, शीर्षासन, पद्मासन ही समाप्तीची आसने करायची आणि शवासनात पडायचे. उद्या पुन्हा तिथपर्यंत.

ही शिस्त आज सैल झाली आहे. तासाभराच्या वर्गात, शिक्षकांच्या मोजणीवर, पहिल्या आठवड्यातला साधकही अख्खी पहिली मालिका उरकतो. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत हातांवर तोल सांभाळण्याची आसने शिकवली जातात आणि फोटो निघेपर्यंतच टिकतात. साधकाला थांबवले तर तो दुसरीकडे जाईल, ही भीती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. ती खोटी नाही. वर्गाचे भाडे आपल्यालाच भरायचे असते. पण त्या भीतीची किंमत साधकाचा गुडघा मोजतो.

माझे स्वतःचे मरीच्यासन डी जवळजवळ दोन वर्षे अडले होते. डावा पाय अर्धपद्मात, उजवा गुडघा उभा, धड उजवीकडे वळवलेले, डावा हात त्या गुडघ्याला बाहेरून वेढून पाठीमागे. तिथे दोन्ही हातांची पकड बसली पाहिजे. माझ्या बोटांमध्ये चार बोटांचे अंतर राही. मी रोज उसळी मारून ते मिटवू पाहत असे. श्वास छातीत अडके आणि डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखी कळ येई. ती कळ मी प्रगतीची खूण समजत होते.

एका सकाळी माझ्या शिक्षकांनी मला त्या आसनात हातच लावला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र उभ्याच्या अर्धबद्ध पद्मोत्तानासनात ते माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि घोट्याकडे बोट दाखवले. माझे पाऊल मांडीवर मुडपून पडले होते, तळवा छताकडे वळलेला, घोट्याची बाहेरची बाजू ताणलेली. टाच ओटीपोटापर्यंत पोचलीच नव्हती; पोचल्याचा देखावा घोटा करत होता. ते एवढेच म्हणाले, “तुझं डी इथं अडलंय.”

मरीच्यासन डी म्हणजे त्याच आसनाच्या बी प्रकारातला पाय आणि सी प्रकारातला पीळ यांची बेरीज. तो पाय बीच्याही आधी दोनदा येऊन गेलेला असतो: उभ्याच्या अर्धबद्ध पद्मोत्तानासनात आणि मग बैठ्या अर्धबद्ध पद्म पश्चिमोत्तानासनात. पिळाची तयारी परिवृत्त त्रिकोणासनापासून सुरू होते. मांडी खुब्यात बाहेर वळवण्याचे काम जानुशीर्षासनाचे तिन्ही प्रकार करून घेतात. मालिका अशी गुंफलेली आहे की कठीण आसनाचा धडा त्याच्या आधीच देऊन झालेला असतो. दुसऱ्या मालिकेतही तेच. कपोतासनात कंबर दुमडून दुखवून घेणाऱ्यांचे लघुवज्रासन पाहा. मांड्यांनी पेलायचा भार तिथेच कंबरेवर सोडलेला दिसेल. मल्लखांबाचे वस्ताद साधी उडी पक्की झाल्याशिवाय पोराला पुढच्या उडीला हात घालू देत नाहीत, ते याच कारणाने.

शरीराच्या बाजूनेही हे समजून घेऊ. पद्मासनासाठी लागणारे वळण खुब्याच्या सांध्याचे आहे. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा मिटतो आणि उघडतो. मिटलेल्या अवस्थेत तो थोडासा वळतो, पण तेवढेच. खुबा वळला नाही आणि पाऊल ओढून मांडीवर ठेवले, की उरलेला पीळ गुडघ्यात शिरतो आणि आतली कूर्चा चिमटली जाते. शिवाय खुब्याच्या वाटीची खोली आणि मांडीच्या हाडाच्या मानेचा कोन प्रत्येकाचा वेगळा. स्नायूंचा ताण महिन्या-वर्षांत सैल होतो. हाडाला हाड टेकले तर सरावाने ते बदलत नाही. अशा साधकाला ‘अजून प्रयत्न कर’ म्हणणे अन्याय आहे. त्याचे आसन तिथेच पूर्ण आहे, हे सांगण्याची जबाबदारी आपली.

म्हणून दुखणे कुठे आहे, हे विचारायला शिकवा. स्नायूच्या मधल्या भागातली ओढ श्वासाबरोबर ओसरते. तिच्यासोबत थांबता येते. सांध्याच्या आत टोचणारी, बोटाने नेमकी दाखवता येणारी कळ म्हणजे बाहेर या. पुढे वाकताना बैठकीच्या हाडापाशी, मांडीमागच्या स्नायूच्या मुळाशी दुखत असेल, तर पश्चिमोत्तानासन आणखी खोल नेऊ नका. गुडघे किंचित मोडा आणि बरे व्हायला महिने द्या. स्नायूबंधांना रक्तपुरवठा कमी असतो, ते सावकाशच भरून येतात.

घाईचे मोल या परंपरेने पूर्वीच चुकते केले आहे. बी. के. एस. अय्यंगार हेही म्हैसूरला जोइस गुरुजींचे गुरू टी. कृष्णमाचार्य यांच्याच हाताखाली शिकले. तयारी नसताना गुरूंच्या आज्ञेवरून त्यांनी लोकांसमोर हनुमानासन केले आणि मांडीमागचे स्नायू फाडून घेतले, हे त्यांनीच सांगून ठेवले आहे. १९३७ मध्ये ते पुण्याला आले. १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रत्येक आसनापुढे एक ते साठपर्यंत काठिण्याचा अंक दिला. दोर, पाट, घोंगडी, भिंत ही साधने सरावात आणली. एकाच मुळातून निघालेल्या दोन शाखांनी अवघड आसनाला दोन उत्तरे दिली: एकीने काळ दिला, दुसरीने आधार. पुण्याच्या घोंगडीची घडी अष्टांगाच्या वर्गात बैठकीखाली ठेवल्याने परंपरा बाटत नाही. गुडघा मात्र वाचतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. अडलेले आसन शिक्षकाच्या जोराने लावून देण्याची सवय या पद्धतीत खोलवर मुरली आहे. खुद्द जोइस गुरुजींच्या स्पर्शाविषयी अनेक स्त्री साधकांनी गंभीर तक्रारी जाहीरपणे मांडल्या. त्यांचे नातू शरत जोइस यांनी २०१९ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. हे दुःख आपल्या परंपरेचे आहे आणि त्यापासून तोंड फिरवून गुरुपौर्णिमा साजरी करता येणार नाही. हात लावण्याआधी विचारा, रोज विचारा, आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. श्वास रोखून सोसलेली दुरुस्ती म्हणजे शिक्षण नव्हे.

पतंजलींनी आसनासाठी फक्त तीन सूत्रे दिली आणि त्यांतल्या दुसऱ्यात प्रयत्न सैल करण्याची गोष्ट आली आहे. प्रयत्न सोडायला तिथे सांगितलेले नाही. रोज पहाटे चटईवर येणे हाच प्रयत्न. तो पुरा करायचा आणि आसनातली ओढाताण सोडायची. उज्जायीचा आवाज खरखरीत झाला, दृष्टी भिरभिरू लागली, मूलबंध सुटला, की समजावे ओढाताण सुरू झाली. शिक्षकाला आणखी कुठले मोजमाप लागत नाही.

म्हणून सहकाऱ्यांना एक विनंती. सुट्टीनंतरच्या सकाळी आपल्या एकेका साधकाकडे पाहा. तो कुठे अडतो हे तुम्हाला पाठ असेल. त्या दिवशी त्या आसनात त्याला मदत करू नका. त्याआधीची आसने नीट पाहा. घोटा, खुबा, खांदा, यांतले काय लपवाछपवी करते आहे ते शोधा आणि तिथे काम द्या.

माझी पकड ज्या दिवशी बसली, त्या दिवशी मी मरीच्यासन डीचा विचारही करत नव्हते. टाच ओटीपोटाशी कधीच स्थिरावली होती. दुपारी जिना उतरताना हात कठड्यावर टेकावा तशी बोटे बोटांना भेटली. शिक्षक समोरून गेले, त्यांनी पाहिले, पाच श्वास होऊ दिले आणि म्हणाले, “नावासन.”