हवेचे माप

नगरच्या आडते बाजारातील जुन्या पेढ्यांवर मापाविषयी मोठी दक्षता असते. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी होते, आणि पोत्यामागे शे-दीडशे ग्रॅमांचा फरक पडला तरी मुनीम हटकतो. मात्र त्याच पेढीचा तरुण वारस आपली नवी, बुटकी, दोन दारांची वेगवान मोटार घेऊन पेट्रोल पंपावर उभा राहतो आणि हवा भरणारा मुलगा ‘किती भरू?’ असे विचारतो, तेव्हा उत्तर मिळते, ‘भर पस्तीस.’ हे पस्तीस कोठून आले, याची चौकशी कोणी करत नाही. आधीच्या मोटारीत पस्तीस होते, मामांच्या मोटारीत पस्तीस असते, म्हणून येथेही पस्तीस. किराणा मालाच्या बाबतीत असा व्यवहार एक दिवसही चालला नसता.

पूर्वी या अंदाजपंचे कारभाराचे फारसे बिघडत नव्हते. नगर–मनमाड रस्त्यावरील खड्ड्यांनी वाहनाचा वेग कधी वाढूच दिला नाही. त्या खड्ड्यांचा हा एक उपकारच म्हणावा लागेल. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि कोपरगाव तालुक्यातून सरळसोट काँक्रीटचा रस्ता धावू लागला. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा पूर्ण होऊन 701 किलोमीटरचा मार्ग अखंड झाला. सपाट भागात मोटारींना तेथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. या वेगाने मोटारीचे चाक एका सेकंदात सुमारे सोळा फेरे घेते. शिर्डीहून नागपूरला पोहोचेपर्यंत ते अडीच लाखांच्या आसपास वेळा फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो व पुन्हा पूर्ववत होतो. या दबण्या-उठण्यातूनच टायरमध्ये उष्णता निर्माण होते. हवा जितकी कमी, तितके दबणे अधिक आणि उष्णताही अधिक. टायर तापण्याचा दोष लोक काँक्रीटला देतात. मे महिन्यात तो रस्ता तापतो हे खरे, पण टायरच्या पोटातील उष्णता बहुतांशी त्याची स्वतःची कमाई असते.

येथेच घराघरांतील सर्वांत घातक समजुतीचा उगम आहे. ‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून लांबच्या प्रवासाला निघताना दोन-चार आकडे कमीच ठेवावेत,’ असा सल्ला वडीलधारी मंडळी प्रेमाने देतात. हवा फुगते हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. पहाटे वीस अंशांना 33 असलेला दाब टायरमधील हवा साठ अंशांपर्यंत तापल्यावर 39 ते 40 च्या घरात जातो. परंतु ही वाढ मोटार बनवणाऱ्यांनी आणि टायर बनवणाऱ्यांनी आधीच हिशेबात धरलेली असते. आधीच हवा कमी करून निघणारा मनुष्य फुगण्यापासून नव्हे, तर आधारापासून टायरला वंचित करतो. मग टायरच्या कडा वाकतात, आतील तारांचे आणि रबराचे थर तापून एकमेकांपासून सुटू लागतात, आणि ज्या फुटण्याच्या भीतीने हवा कमी केली तेच फुटणे ओढवते.

याचा मोठा दाखला अमेरिकेतील आहे. फोर्ड कंपनीने आपल्या एक्सप्लोरर या मोटारीसाठी 26 पीएसआय इतका कमी दाब सुचविला होता. फायरस्टोनने पुढे 30 चा आग्रह धरला. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवावे लागले. टायरचा पट्टा सुटून मोटारी उलटल्याच्या घटनांत तेथे 271 माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद अमेरिकी सरकारने केली. टायरच्या घडणीतही दोष होता, मोटारीच्या तोलाविषयीही प्रश्न होते, आणि दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखविले. तरी कमी दाब, जड ओझे, उन्हाळा आणि वेग एकत्र आले की काय घडते, हे त्या प्रकरणाने जगाला दाखविले. त्याच वर्षी तेथे केलेल्या कायद्यातून, दाब घटला की चालकाला इशारा देणारी यंत्रणा पुढे मोटारींत सक्तीची झाली.

अर्थात प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणेही योग्य नाही. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. टायर फुटल्याचे पहिल्या दिवशी सांगितले गेले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याची खूण आढळली नाही. ‘टायर फुटला’ हे शब्द ऐकताच चौकशी संपते, हीही एक सोयच आहे.

मग योग्य आकडा कोणता? टायरच्या बाजूवर कोरलेला 50 किंवा 51 हा आकडा तो नव्हे. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तोच टायर दहा निरनिराळ्या मोटारींना बसतो, त्या प्रत्येकीचे वजन त्याला ठाऊक नसते. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा पेट्रोलच्या झाकणामागील पट्टीवर, तसेच मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. बहुतेक पट्ट्यांवर दोन रकाने असतात : एक-दोन माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा. काही पट्ट्यांवर आकडे बारमध्ये असतात. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, म्हणून 2.3 बार लिहिले असेल तर साधारण 33 समजावे.

वेगवान मोटारीत पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे पुष्कळदा भिन्न असतात, आणि ‘चारीही सारखे’ या पंपावरील पद्धतीने तिचा तोलच बदलतो. पोर्शे 911 मध्ये इंजिन मागील आसाच्याही मागे बसविलेले असते. साहजिकच तिच्या मागच्या चाकांना अधिक दाब लागतो. मागची हवा कमी राहिली तर वळणावर मोटारीची शेपटी बाहेर फेकली जाण्याचा धोका वाढतो. पुढची कमी राहिली तर सुकाणू फिरवूनही मोटार सरळच जाऊ पाहते. साध्या घरगुती मोटारीत दोन पीएसआयचा फरक जाणवतही नाही. रुंद आणि कमी उंचीच्या टायरांवर, ताशी 120 च्या वेगात, तो जाणवतो. हवा प्रमाणाबाहेर भरणे हाही उपाय नव्हे. मग टायर मधल्या भागावरच टेकतो, मधूनच झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड सोडतो, आणि खड्डा लागला की रिमसुद्धा वाकतो.

शर्यतीची हौस असलेली मुले यावर एक वेगळेच शास्त्र ऐकून येतात. धावपट्टीवर थंड टायरात हवा मुद्दाम कमी ठेवतात, तापल्यावर ती अपेक्षित आकड्याला येते, असे त्यांचे म्हणणे. धावपट्टीवर ते खरेच आहे. तेथे काही फेऱ्यांनंतर मोटार थांबते, मनुष्य गेज घेऊन उभा असतो, मागच्या बाजूला सामान व आजीबाई नसतात. समृद्धीवर हे शास्त्र नेणे म्हणजे घाऊक बाजाराचा दर किरकोळ दुकानात लावण्यासारखे आहे.

नायट्रोजनची कथाही थोडी अशीच आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि टायरमधून किंचित सावकाश झिरपतो, एवढा त्याचा लाभ. उष्णतेने तोही जवळजवळ तितकाच फुगतो. नायट्रोजन भरला म्हणून महिनोन्‌महिने तपासणीच करायची नाही, अशी सवलत तो देत नाही.

मोटारीतील दाबाची सूचना देणाऱ्या दिव्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. अमेरिकी नियमानुसार हा दिवा दाब शिफारशीपेक्षा 25 टक्के खाली आल्यावर पेटला तरी पुरे. म्हणजे 36 हवे असता 28 उरले तरी दिवा मुकाच राहू शकतो. आपल्याकडे 2020 च्या नियमबदलानंतर अशी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या लहान वाहनांना पाचवे चाक सोबत ठेवण्याची सक्ती उरलेली नाही. वेगवान मोटारींत ते चाक आधीही क्वचितच असे. निर्जन पट्ट्यात टायर गेला तर हाताशी पाचवे चाक नाही, हे प्रवासाला निघण्यापूर्वीच ध्यानात असावे.

नगर शहरालगत संरक्षण संशोधन व विकास संघटनेची व्हीआरडीई ही वाहन-प्रयोगशाळा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 126 व्या नियमानुसार नव्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांत तिचा समावेश होतो. ब्रेकची चाचणी घेताना टायरातील हवा उत्पादकाने सांगितलेल्या आकड्याला आणून ठेवतात. अन्यथा मिळालेल्या अंतराला काही अर्थ राहत नाही. ज्या मोटारीचे ब्रेक इतक्या काटेकोरपणे तपासले, ती घरी आणल्यावर वाटेल त्या दाबावर चालवली, तर त्या चाचणीचा भरवसा आपणच मोडला असे होते.

दाब नेहमी थंड टायरात मोजावा. म्हणजे मोटार किमान तीन तास उभी असावी किंवा दोन किलोमीटरांहून कमी चाललेली असावी. पंप दूर असेल तर घरीच गेजने मोजून तूट लिहून ठेवावी. घरी 31 निघाले आणि हवे 34, तर तूट तीनची. पंपावर पोहोचेपर्यंत तापलेला तोच टायर 33 दाखवील; त्यात तूट मिळवून तो 36 करावा. तापलेल्या टायरातील हवा ‘जास्त झाली’ म्हणून सोडणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ऋतूंचाही हिशेब आहे. मेच्या दुपारी चाळीस अंशांत भरलेला टायर जानेवारीच्या दहा अंशांच्या पहाटे निव्वळ थंडीने साडेचार पीएसआय गमावतो. शिवाय महिन्याकाठी एखादा पीएसआय आपोआप झिरपतो तो वेगळाच. केवळ रविवारी आच्छादन काढून फिरवल्या जाणाऱ्या मोटारीला ही गळती अधिक भोवते, कारण तिच्याकडे एरवी कोणाचे लक्ष नसते. अशा मोटारीच्या टायरवरील चार अंकही पाहावेत : 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक झालेले असते.

गेज स्वतःचे असावे, आणि पेढीवरील काट्याप्रमाणे त्याचीही अधूनमधून दुसऱ्या गेजशी पडताळणी करावी. नागपूरच्या लग्नाला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी चारही चाके तपासावीत आणि पहाटे पुन्हा एकदा. रात्रीतून एकाच चाकाची हवा तीन-चारने उतरली असेल, तर त्यात खिळा आहे असे समजावे. तेथे आणखी हवा भरून वेळ मारून नेऊ नये. मधल्या नक्षीत छिद्र असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून ठिगळ लावून घ्यावे. बाहेरून कोंबलेली रबरी दोरी इतक्या वेगासाठी नव्हे. छिद्र बाजूच्या भिंतीत असेल तर टायरच बदलावा. इतक्या पहाटे पंक्चरचे दुकान उघडे नसेल, तर घरातील दुसरी मोटार काढावी.