तयार आहेस का?

परवा रात्री दीड वाजता मी केल मकार बघत बसले होते. आइस हॉकी! आपला बर्फाशी संबंध गोळ्यापुरता, तरी कॅनडाचा हा डिफेन्समन एकदा बघाच. अंगावर येणाऱ्यावर डोळा ठेवून डिफेन्समनला उलटं स्केटिंग करावं लागतं. मकार उलट्याचा सुलटा कधी होतो, कळतच नाही. ब्लू लाइनवर खेकड्यासारखा आडवा सरकतो आणि समोरचा भलतीकडेच. सॉलिड!

२०१७ मध्ये कोलोरॅडो अ‍ॅव्हलांचनं त्याला ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरवर घेतलं. वय १८. मी असते तर त्याच रात्री बॅग भरली असती. हा पठ्ठ्या मात्र मॅसॅच्युसेट्सच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षं खेळला. १३ एप्रिल २०१९ ला कॉलेजची फायनल हरला आणि १५ ला थेट एनएचएलच्या प्लेऑफमध्ये उतरला. पहिल्याच मॅचमध्ये गोल, तोही कॅल्गरीवर, म्हणजे स्वतःच्याच गावच्या टीमवर! २०२२ मध्ये स्टॅनली कपसुद्धा जिंकला.

इकडे मला एका चॅनेलची ऑफर आलीये. लाइव्ह, कॅमेऱ्यासमोर. तीन आठवडे मी ‘अजून थोडी तयारी होऊ दे’ म्हणतेय. आई म्हणाली, ‘‘अगं, तू थांबलीयेस की घाबरलीयेस?’’

उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. तोवर अजून एक क्लिप.