केशवराव कोरटकर आणि आपली मुक्तिकथा

दर वर्षीं 17 सप्टेंबर उजाडला कीं मराठवाड्यांत ध्वज उभारले जातात, हुतात्म्यांचीं नांवें घेतलीं जातात, आणि 1948 सालच्या त्या दिवसाचें यथोचित स्मरण होतें. याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्या कथेंतून गाळलेल्या माणसांविषयीं. "कोरटकर? ते तर निजामाच्या हायकोर्टाचे न्यायाधीश!" एवढ्या एका वाक्यांत एका कर्त्या पुरुषाचा निकाल लावणारे सुशिक्षित आम्हांला भेटतात. साक्षीपुरावा न पाहतां दिलेला निकाल वकिलाच्याच वांट्यास यावा, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा!

केशवराव 1867 सालीं जन्मले आणि 1932 सालीं वारले. त्यांची परीक्षा हीं सालें ध्यानांत ठेवूनच केली पाहिजे. त्या काळीं जाफराबादेकडील टेंभुर्णीच्या एखाद्या कुळाला जमिनीच्या वादाची नोटीस आली तर ती उर्दूंत. कैफियत उर्दूंत, हुकूमनामाहि उर्दूंत. घरीं, शेतांत, बाजारांत मराठी बोलणारा हा मनुष्य कचेरीच्या उंबरठ्यावर मुका होई. त्याच्या वतीनें बोलणारा एकच, तो वकील. कायदेमंडळ होतें तें नांवापुरतें, वर्तमानपत्रांची गळचेपी, आणि 1929 पासून गश्ती निशान 53 अन्वयें परवानगीवांचून सभा भरविण्याचीहि सोय उरली नाहीं. अशा राज्यांत पुढारी वकिलांतून निघावे यांत नवल कोणतें? सरकारविरुद्ध उभें राहून बोलणें जेथें गुन्हा ठरत नसे, असें ठिकाण न्यायालयाखेरीज दुसरें होतें कोठें?

केशवरावांनीं गुलबर्ग्यास वकिली केली, हैदराबादेस नांव मिळविलें, आणि 1907 सालीं सहकाऱ्यांसह विवेकवर्धिनी शाळा उभी केली. पुढें संस्थानांत राजकीय परिषदेस मज्जाव, म्हणून ती 1923 सालीं काकिनाड्यास, नंतर मुंबई, पुणें, अकोला अशी परमुलखांत भरवावी लागली. हे वाटेल तितकें मवाळ म्हणा. पण पायरीवांचून माडी चढणारे वीर आम्हीं तरी पाहिलेले नाहींत.

आक्षेपच घ्यावयाचा तर खरा घ्या. 1921 च्या नोव्हेंबरांत त्याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहांत धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखालीं सामाजिक परिषद भरली. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणें श्रोत्यांनीं ऐकलीं. एक प्रतिनिधि तेलुगूंत बोलूं लागतांच त्याची हुर्यो उडविली. कचेरींत आपण ज्या अपमानानें पोळत होतों, तोच आपल्या मांडवांत आपण दुसऱ्यास दिला! आंध्र जनसंघाचा जन्म त्या रात्रींतून झाला. न्यायाधीशपदावरून बोटें मोडणारे या प्रसंगाविषयीं मात्र गप्प असतात, कारण त्यांत दोष एका माणसाचा नसून आपल्या सर्व मराठी मंडळींचा आहे.

कोणी क्रीट बेटाच्या वेनिझेलोसचा दाखला देतात. तोहि वकील, जन्म 1864 चा. त्याचेंहि बेट सुलतानाच्या अधिराज्याखालीं. 1905 मध्यें थेरिसो येथें त्यानें शस्त्र उचललें, 1910 त तो ग्रीसचा पंतप्रधान झाला, आणि 1913 त क्रीट मातृभूमीस मिळालें. मग आमच्या वकिलांना बंदूक कां सुचली नाहीं? परंतु हाच वेनिझेलोस 1899 पासून दोन वर्षें राजपुत्र जॉर्जचा न्यायमंत्री होता, हें सांगावयाचें राहून जातें. आणि त्याच्या पाठीशीं स्वतंत्र ग्रीस उभा होता, हेंहि. कोरटकरांच्या शेजारीं होता इंग्रज, आणि तो निजामाचा पाठीराखा!

1952 सालीं हैदराबादेंत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलें. मुख्यमंत्री बुरगुल रामकृष्णराव वकील, गृहमंत्री दिगंबरराव बिंदू वकील, विधानसभेचे अध्यक्ष काशीनाथराव वैद्यहि वकीलच. त्याच मंत्रिमंडळांत बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार होते. ते आर्यसमाजाचे हैदराबादेंतील पुढारी, आणि केशवरावांचे चिरंजीव. बापास सरकारधार्जिणा ठरविणाऱ्यांनीं हा मुलगा कोणाच्या घरीं वाढला तें आधीं सांगावें.