पाळी गेल्यानंतरचा धोका प्रत्येकीचा वेगळा

ब्रिटनच्या औषध नियामकांनी नोव्हेंबर २०२३मध्ये ॲनास्ट्रोझोल या जुन्या गोळीला नवी मान्यता दिली. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांना ही गोळी अनेक वर्षांपासून दिली जातेच. आता कर्करोग झालेला नाही, पण होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, अशा पाळी गेलेल्या स्त्रियांनाही ती प्रतिबंधासाठी घेता येते. रोज १ मिलिग्रॅम, पाच वर्षे. पेटंट केव्हाच संपल्यामुळे गोळी महागही नाही.

या मान्यतेमागे ‘आयबिस-२’ ही चाचणी आहे. जास्त धोका असलेल्या, पाळी गेलेल्या ३,८६४ स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांना गोळी मिळाली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच वर्षांच्या सुमारास हिशेब झाला तेव्हा पहिल्या गटात ४०, तर दुसऱ्या गटात ८५ जणींना स्तनाचा कर्करोग झालेला होता. गोळी थांबवल्यानंतरही हा फायदा टिकला. मात्र सांधे दुखतात, अंगातून वाफा येतात, हाडे विरळ होऊ शकतात. आणि दोन्ही गटांतल्या मृत्यूंच्या संख्येत ठळक फरक दिसलेला नाही. म्हणून ती सरसकट वाटायची गोळी नव्हे. ती कोणाला द्यायची, हे आधी ठरवावे लागते, आणि खरे काम तिथेच आहे.

पाळी गेली की अंडाशयांचे काम थांबते, इस्ट्रोजेन मात्र पुरते थांबत नाही. शरीरातली चरबी अरोमाटेज या विकराच्या मदतीने ते तयार करत राहते, आणि ॲनास्ट्रोझोल अडवते ते हेच विकर. पाळी गेल्यानंतर वाढलेले वजन म्हणूनच धोक्याचे ठरते. त्यात आईला किंवा बहिणीला झालेला आजार, पूर्वीच्या बायोप्सीत दिसलेले पेशींतले बदल, स्तनांची घनता आणि पाळीच्या त्रासावर घेतलेली संप्रेरके यांची भर पडते. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर सुरू असलेला एकत्रित संप्रेरकांचा अभ्यास जुलै २००२मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला, त्याचे एक मोठे कारण स्तनाच्या कर्करोगाचे वाढलेले प्रमाण हेच होते. एकाच वयाच्या दोन शेजारणींचा धोका सारखा नसतो, तो असा.

हा धोका मोजायची गणिते पश्चिमेत १९८९पासून आहेत. पण ती प्रामुख्याने गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवर बेतलेली आहेत; जनुकांच्या शेकडो खुणांवरून काढलेले गुणांकही बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरचे. ती जशीच्या तशी उचलून लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या बाईला लावता येणार नाहीत. मग महागड्या जनुकीय तपासण्या गावोगावी पोहोचेपर्यंत थांबायचे का? मुळीच नाही.

मुंबईनेच याचे उत्तर दिले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८मध्ये शहराच्या वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, नुसत्या हातांनी स्तनांची तपासणी केली. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत. २०२१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्या वयोगटांचा एकत्र विचार केला तर मृत्यूंतली घट निर्विवाद नव्हती. पण पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यूंचे प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी होते. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. तपासणी एकच, पण वयानुसार तिचे फळ वेगळे. व्यक्तीनुसार प्रतिबंधाची सुरुवात इतकी साधी असू शकते.

आता आशाताईंच्या हातातला तपासणीचा अर्ज पाहा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीसाठी त्या तो भरतात. कमरेला टेप लावून माप घेतात: ८० सेंटिमीटरपर्यंत, ८१ ते ९०, की ९०च्या वर. स्तनात गाठ आहे का, हेही विचारतात. घराण्यातल्या आजारांच्या रकान्यात मात्र रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार एवढेच आहेत; कर्करोग नाही. पाळी कोणत्या वर्षी गेली, याला जागा नाही. मधुमेहासाठी घेतलेले कमरेचे माप स्तनाच्या धोक्याबद्दलही काही सांगते, पण तसे ते वाचले जात नाही. सरकारी कार्यक्रमात स्तनतपासणी पाच वर्षांतून एकदा, सगळ्यांना सारखीच. २०२२मध्ये देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांवर मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या आजारासाठी अर्जात दोन ओळी वाढवणे हा फार मोठा खर्च नव्हे.

राज्याच्या आरोग्य विभागाने त्या वाढवाव्यात. पाळी गेलेल्या आणि धोका जास्त दिसणाऱ्या स्त्रियांची हाताने तपासणी दर दोन वर्षांनी व्हावी, जिल्हा रुग्णालयात त्यांना मॅमोग्राफीची ठरलेली तारीख मिळावी, आणि प्रतिबंधक गोळीबद्दल तज्ज्ञाने हाडांची तपासणी करून, समोर बसवून नीट बोलावे. वाचकांनी तोवर एक करावे. घरातल्या कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता, कितव्या वर्षी झाला, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. आईकडच्या मावशीबरोबर वडिलांकडच्या आत्याचेही नाव त्यात हवे, कारण सदोष जनुक वडिलांकडूनही येते. तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा.